रिकाम्याला काय लिहायचं

तिला घरी नाकमुरडी म्हणत, आणि हे नाव तिने स्वतःच्या कष्टाने मिळवलेलं होतं. पाच वर्षांची असताना दुधावरच्या सायीचा तुकडा ओठाला चिकटला म्हणून तिने दिवसभर तोंड उघडलं नव्हतं. दुसऱ्याच्या कंगव्यातला केस, बशीत विरघळलेलं बिस्किट, बेसिनच्या भोकाशी साचलेला गाळ, अशी तिची यादी वयाबरोबर वाढतच गेली. आई रुग्णालयात परिचारिका. तीस वर्षं परक्यांच्या जखमा धुतलेली बाई, घरी आली की त्याच हातांनी निवांत जेवायची. लेकीचं मुरडलेलं नाक पाहिलं की म्हणायची, "बये, किळस ही चैन आहे. आमच्या वॉर्डात कुणाला परवडत नाही."

अशी मुलगी मासे कापायला कशी गेली? पाटी अर्धीच वाचली म्हणून. विद्यापीठातल्या त्या इमारतीवर 'वन्यजीव व मत्स्यसंवर्धन विभाग' अशी लांबलचक पाटी आहे, आणि अर्ज करणारी सगळी मुलं ती मधल्या 'व'पर्यंतच वाचतात. हिलाही पक्षी हवे होते. गळ्यात दुर्बीण, मोकळी हवा, आणि सगळं काम दुरून. दुरून, हे महत्त्वाचं. पण गुणवत्ता यादीतले पहिले वीस जण 'व'च्या अलीकडे जातात आणि उरलेले पलीकडे ढकलले जातात. ही तेविसावी निघाली. प्रवेशाच्या खिडकीत आवक-जावक कारकून बसला होता. त्याने तिच्या फॉर्मवर शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाला, "मासे."

"पण मी वन्यजीव लिहिलंय."

"मासा काय पाळीव असतो का?" तो म्हणाला. "चला, पुढचे या."

पक्ष्यांची मुलं दुसऱ्या मजल्यावर, खिडक्यांपाशी बसत. माशांची शाखा तळघरात होती. रॅकवर रॅक, रॅकवर बरण्या, आणि बरण्यांतल्या पिवळट पाण्यात उभे मासे, डोळे उकडल्यासारखे पांढरे. फॉर्मॅलिनचा वास आधी डोळ्यांत जातो आणि नाकात मागाहून पोचतो, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. कापायच्या टेबलाला एक खाच पडली होती. वर्षानुवर्षांचे खवले, चिकट रस आणि कुणाच्या तरी खोडरबराचा भुगा मिळून त्या खाचेत राखाडी लगदा साचला होता. तिने तो दात कोरायच्या काडीने काढायचा प्रयत्न केला. जेवढा काढला तेवढा आणखी आत निघाला, तेव्हा तिने काडी टाकली आणि बाहेर जाऊन उलटी केली.

काम असं असे: माशाचं पोट फाडायचं, जठर बाहेर काढायचं, आणि त्याने काय गिळलं ते चिमट्याने वेगळं करून लिहून काढायचं. एकाच्या पोटात सिगारेटचं थोटूक निघालं. एकाच्या पोटात कानात घालायचा कापूस, वापरलेला. घरी जाताना बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. उभे राहतील, पण कुणी तिथे बसेना.

पण माशाची किळस उतरते. पहिलं वर्ष संपता संपता तिची बरीचशी उतरली होती. मासा बिचारा मेलेला असतो, त्याच्या मनात काही डाव नसतो. माणसाची किळस मात्र चढते ती चढतच जाते. ती तिला चढली विभागप्रमुखांमुळे, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांमुळे.

त्यांना पाठीमागे सगळे रेघवाले सर म्हणत, कारण त्यांचा कुठलाही आलेख पाहा, रेघ सरळ. सर स्वच्छ, इस्त्रीचे, अत्तर लावणारे. आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्यालाच बरं नाही. एकच खोड होती. पान उलटताना ते अंगठा जिभेला लावत. नुसता टेकवत नसत, चांगला ओला करत. मग त्याच अंगठ्याने तळघरातल्या वह्या चाळत, ज्यांना माशांनी बरबटलेल्या हातांशिवाय कुणी कधी शिवलेलं नव्हतं, आणि पुढच्या पानासाठी तोच अंगठा परत जिभेवर. नाकमुरडीला ते बघवत नसे. तिने एकदा त्यांच्या टेबलावर पान उलटायचा ओला स्पंज नेऊन ठेवला. सरांनी त्यावर टाचण्या टोचून ठेवल्या.

दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी सरांनी तिला तलावाच्या वह्या दिल्या. शहराबाहेर मोठा तलाव आहे. त्यात चांदवा नावाचा हातभर रुपेरी मासा असतो, थव्याने फिरणारा. गेली अठरा वर्षं विभागाकडून दर महिन्याला तलावात बारा ठरलेल्या जागी बारा जाळी लागतात. संध्याकाळी टाकायची, पहाटे काढायची, आणि कुठल्या क्रमांकाच्या जाळ्यात किती चांदवे आले ते वहीत लिहायचं. या नोंदींवरून सर दरवर्षी अहवाल देतात की तलावात मासा मुबलक आहे. आता तलावाच्या ज्या उथळ कोपऱ्यात चांदवा अंडी घालतो तिथे भराव टाकून नौकाविहाराचा धक्का बांधायचा घाट होता, आणि त्याला हरकत नाही असं सर लिहून देणार होते. तिने फक्त अठरा वर्षांचे आकडे संगणकात भरायचे, एका जाळ्यामागे सरासरी किती मासे ते काढायचं, रेघ मारायची. "सोपं आहे," सर म्हणाले. "रेघ कशी येणार ते मला आत्ताच माहीत आहे."

आणि तशीच आली. जाळ्यामागे आठ-नऊ मासे, पहिल्या वर्षीही आणि अठराव्या वर्षीही. तिला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. प्रबंध झाला, तळघर सुटलं. फक्त एकदा स्वतः जाळी बघून ये, पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळी लिहायला बऱ्या, असं सर म्हणाले म्हणून ती पुढच्या फेरीला होडीत बसली. तसं सर म्हणाले नसते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

जाळी टाकायचं काम प्रयोगशाळेच्या सेवकाकडे होतं. बरण्या राखणारे म्हणून बरणीकाका. बारीक, वाकलेले, निवृत्तीला चार महिने उरलेले. अठरा वर्षांत त्यांची एकही फेरी चुकली नव्हती आणि एकही रजा पडली नव्हती. हे ते दिवसातून एकदा तरी सांगत, आणि ऐकणाऱ्याने "काय सांगता!" म्हणेपर्यंत थांबत.

पहाटे ते जाळी ओढू लागले. पहिल्यात सात चांदवे. दुसरं रिकामं. तिसरं रिकामं. चौथ्यात बाळाचा लंगोट, फुगलेला, आत जे असायचं त्यासकट. काकांनी तो दोन बोटांनी सोडवून होडीत टाकला आणि नाकमुरडी होडीच्या दुसऱ्या टोकाला सरकली. पाचव्यात अकरा मासे. सहाव्यात कुणाच्या तरी केसांचा पुंजका, हिरवं शेवाळ आणि औषधाच्या रिकाम्या पट्ट्या. असं करत बारा झाली. पाच जाळ्यांत मासे, सातांत काही नाही किंवा असलं काही. काठाला येऊन काकांनी वही उघडली, पाच ओळी लिहिल्या आणि वही मिटली.

"काका, बाकीची सात?"

"त्यांत काय होतं?"

"काहीच नाही."

"मग काहीच नाही ते लिहायचं कसं?" काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू शिकलेल्या माणसांची त्यांना दयाच आली. "रिकाम्याला काय लिहायचं, पोरी? मी लागलो तेव्हा इथल्या जुन्या माणसानं सांगितलं, आलेलं लिहायचं. मी आलेलं लिहितो. एक आकडा इकडचा तिकडे नाही माझा."

ती ओल्या फळीवर बसून राहिली. काका म्हणत होते ते शंभर टक्के खरं होतं, आणि त्यामुळेच अठरा वर्षांचा सगळा हिशेब खोटा होता. ज्या जाळ्यांत मासा आला तेवढीच मोजली, तर सरासरी पडणार कशी? चांदवा थव्याने फिरतो. तलावात शेवटचा एक थवा उरला तरी ज्या जाळ्यात तो घुसेल त्यात आठ-नऊ मासे निघणारच. रेघ सरळच राहणार. तलाव संपेपर्यंत सरळ.

"काका, कधी बारापेक्षा कमी जाळी टाकलीत?"

"एकदा. वादळ होतं, नऊच टाकली. तसं लिहिलंय बाजूला. बाकी बारा म्हणजे बारा."

तळघरात जाऊन तिने वह्या मांडल्या आणि या वेळी ओळी मोजल्या. पहिल्या वर्षी महिन्याला अकरा-बारा ओळी. सहाव्या वर्षी नऊ. बाराव्या वर्षी सात. आता पाच, कधी चार. ज्या क्रमांकाची ओळ नाही ते जाळं रिकामं. मासा कमी होत गेल्याची नोंद कुणीच केली नव्हती, तरी ती वहीत होतीच. शून्यं घालून तिने नवी रेघ काढली, तेव्हा ती रेघ जिन्यावरून घसरल्यासारखी खाली आली.

इथवर ती चूकच होती. भोळी, प्रामाणिक, सरकारी चूक. पण बाराव्या वर्षाच्या वहीत तिला समासात पेन्सिलीने काहीतरी खोडलेलं दिसलं. तिने पान तिरपं धरलं. सात छेद बारा. सहा छेद बारा. परत सात छेद बारा. दर महिन्याच्या पानावर किती जाळ्यांत मासे आले याचा बारीक अक्षरातला हिशेब, वर्षभराचा, आणि मग रबराने घाईघाईत पुसलेला. सरांचा सात ती ओळखत होती. त्याला ते मधोमध आडवी रेघ मारत.

म्हणजे त्यांना माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं. माणूस ओल्या अंगठ्याने पान उलटत गेला, त्याला तलाव मरताना दिसला, आणि त्याने रबर उचलला. तिला जी किळस आली, ती माशाच्या आतड्यांनी कधी आली नव्हती.

ती नवी रेघ घेऊन सरांकडे गेली. सरांनी कागद पाहिला, रागावले नाहीत, तिला बसायला सांगितलं.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," ते हसून म्हणाले. "तुला काम कमी पडतंय का? वहीत नाही ते तू कुठून आणलंस?"

"जाळी टाकली होती, सर. काका सांगतात."

"काका सांगतात." सरांनी ते दोन शब्द बोटांच्या चिमटीत धरल्यासारखे उच्चारले. "संशोधनात जे लिहिलं नाही ते घडलं नाही. हा पहिला धडा. आणि समज, घडलं. मग चूक कुणाची? नोंद कोण ठेवतं? चार महिने राहिलेत त्यांचे. जाता जाता चौकशी लागावी असं तुला वाटतं का? म्हातारा माणूस आहे. बघ बाई, तुझ्या मनावर आहे."

समासातल्या पेन्सिलीचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने गिळलं. हेही सांगायला हवं की काकांचं नाव पुढे आल्यावर तिला आतून सुटल्यासारखं झालं. आता गप्प बसायला चांगलं कारण मिळालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने सरळ रेघेचा प्रबंध पुरा करायला घेतला. त्या दिवशी तिने घरी आल्यावर हात धुतले नाहीत. हाताला धुण्यासारखं काही लागलेलंच नव्हतं.

आईच्या ते लक्षात आलं. "आज साबणाचा उद्धार नाही झाला तो?" तिने विचारलं. मग जेवता जेवता हळूहळू सगळं बाहेर पडलं. आई इस्त्री करत ऐकत होती.

"आमच्याकडे," ती शेवटी म्हणाली, "नाडी लागली नाही तर तक्ता कोरा ठेवून चालत नाही. कोरा म्हणजे नर्स आलीच नाही. आली, हात धरला, नाडी नव्हती, हे वेळ घालून लिहायचं. तेच तर सगळ्यात आधी लिहायचं असतं."

"आणि काकांचं काय?"

"काकांना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. ती चिडली, "तुला काय जातंय बोलायला!" म्हणाली आणि ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशीही तिने विचारलं नाही.

पुढच्या फेरीला ती परत होडीत गेली. का गेली ते तिलाही धड सांगता आलं नसतं. पाण्यावर साबणाच्या फेसासारखा पिवळट तवंग होता आणि त्याला कुजक्या भाजीचा वास येत होता. पहिलं जाळं रिकामं. दुसरं, तिसरं, चौथं रिकामं. अकराव्यापर्यंत तेच. बारावं काकांनी फार हळू ओढलं. शेवटचे दोन हात जाळं तर पाण्यातच धरून ठेवलं. त्यात एक चप्पल होती.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," ते म्हणाले. मग सवयीने त्यांनी काठावर वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, तारीख घातली आणि थांबले. बराच वेळ त्यांना पुढे काय लिहावं ते सुचेना. शेवटी त्यांनी तारखेवर काट मारली आणि वही मिटली. अठरा वर्षांत प्रथमच एका महिन्याचं पान झालं नाही.

आठ दिवसांनी काकांच्या हातात कागद पडला. बाहेरच्या कामावर गेलेल्या सेवकाची हजेरी त्या दिवसाच्या नोंदीवरून लागते. नोंद नव्हती. सरांनी मासिक तक्त्यात 'या महिन्यात सर्वेक्षण झाले नाही' असं लिहून सही केली होती. तेव्हा आवक-जावक कारकुनाने नियमाने छापील नमुना भरला: सदर दिवशी आपण विनापरवानगी गैरहजर असल्याचे दिसून येते, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

काका तो कागद घेऊन सरांकडे गेले, आणि नाकमुरडी त्यांच्या मागे गेली.

"सर, मी गेलो होतो," काका म्हणाले. "ही पोरगी होती बरोबर."

"नोंद आहे का?"

"काही आलंच नाही जाळ्यात. कशाची नोंद करू?"

"मग कार्यालय तरी काय करणार?" सरांनी त्यांच्यासमोरच्या फाइलीचं पान उलटलं. अंगठा, जीभ, पान. "एक दिवसाची रजा टाका मागच्या तारखेने. मिटून जाईल. एवढं काय त्यात!"

"रजा?" काकांचा आवाज चिरकला. "मी पहाटेपासून तलावावर होतो, सर. बारा जाळी ओढली मी."

"मला माहीत आहे हो. पण कागदावर नाही ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. नाकमुरडीने सरांच्या ओठांकडे पाहिलं. खालच्या ओठाला वहीच्या शाईचा निळा डाग लागला होता आणि त्यावर थुंकी चमकत होती. ज्या माणसाला वाचवायचं म्हणून ती महिनाभर गप्प बसली होती, त्याला सरांनी एका दिवसाच्या सोयीसाठी पुसलं होतं, समासातल्या पेन्सिलीसारखं. तिला सरांची किळस आली. त्यांच्याबरोबर स्वतःचीही आली, आणि तीच जास्त कडू होती.

बाहेर जिन्यात तिने काकांना सगळं सांगितलं. सरळ रेघ, रिकामी जाळी, खोडलेले सात, आणि ती स्वतः का गप्प बसली तेही. काका पायरीवर बसून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून आधी काहीच कळेना.

"म्हणजे अठरा वर्षं चुकलो मी," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही, काका."

"ते राहू दे. चुकलो ना?"

"हो."

"आणि त्यांना ठाऊक होतं."

"हो."

"आणि तुला?"

काकांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कमरेला हात लावून जिना उतरले आणि बरण्यांच्या खोलीत गेले.

खुलासा त्यांनी स्वतः लिहिला. दोन पानं, मोठ्या, ओळ सोडून जाणाऱ्या अक्षरांत. तिसऱ्या दिवशी खिडकीत दिला, पोच घेतली आणि दुसरी प्रत तिच्या टेबलावर आणून ठेवली. लिहिलं होतं: 'मी त्या दिवशी कामावर होतो. बारा जाळी टाकली. बारा काढली. एकात चप्पल होती, बाकी काही नव्हतं. याआधी अठरा वर्षांत जी जाळी वहीत नाहीत ती सगळी मी टाकली होती आणि ती रिकामी होती. ती मी लिहिली नाहीत, ही माझी चूक आहे. रिकामं लिहायचं असतं हे मला कळायला उशीर झाला. आता विचारलंत म्हणून सांगतो, तलावात मासा नाही.'

"हे तुझ्या पुस्तकात लाव," काका म्हणाले. "चौकशी लागली तर लागू दे. मी गैरहजर नव्हतो."

तिने प्रबंध नऊ दिवसांत नव्याने लिहिला. प्रत्येक महिन्याच्या बारा ओळी, जिथे मासा नाही तिथे शून्य, आणि शेवटी काकांचा खुलासा जसाच्या तसा. बाराव्या वर्षाच्या समासाची छायाप्रतही लावली. तिरपा उजेड पाडून घेतलेली, त्यातले सात चांगले दिसत होते.

दाखल करायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती सरांसमोर उभी राहिली. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध घेत नाहीत, आणि खिडकी पाचला बंद होते. सरांनी अंगठा ओला करून एकेक पान उलटत पार शेवटपर्यंत वाचलं. समासाच्या छायाप्रतीपाशी ते थांबले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"शेवटची तीन पानं काढ," ते मऊ आवाजात म्हणाले. "आणि ती शून्यं. जुनी रेघ तुझ्याकडे असेलच. मी इथेच बसलोय, आत्ता सही करतो. पुढे संशोधनाला जागा आहे, तुझं नाव माझ्या डोक्यात आहे. वर, खिडकीपाशी. तळघरात नाही."

पेन तिच्याकडे रोखून ते हसले. तिने प्रबंध ओढून घेतला. पानांच्या कोपऱ्यांवर त्यांच्या थुंकीचे ओले गोल उमटले होते. ते तिने तिथेच, त्यांच्या देखत, ओढणीच्या टोकाने एकेक करून पुसले.

"नको, सर," ती म्हणाली.

खिडकीत आवक-जावक कारकून आवराआवर करत होता. त्याने प्रबंध घेतला, पानं मोजली, आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. "मार्गदर्शकाची सही?"

"नाही."

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. माणूस वाईट नव्हता. काकांना कागद काढल्यापासून तर तो त्यांच्याशी नजर चुकवूनच वागत होता. "असं करा," तो आवाज खाली आणून म्हणाला. "जागा कोरी राहू द्या. सही राहून गेली असा शेरा मारतो मी. सोमवारी आणून द्या, कोण बघतंय."

"राहून नाही गेली," ती म्हणाली. "मागितली होती. मिळाली नाही."

तिने खिडकीतलं दोरी बांधलेलं पेन घेतलं आणि सहीच्या जागेत एक शून्य काढलं. बाजूला तारीख घातली, वेळ घातली. कारकून त्याकडे बघत राहिला. मग त्याने शिक्का मारला आणि पोच फाडून तिच्या हातात दिली.

माशांच्या शाखेत त्या वर्षी सात मुलं होती. निकालाच्या यादीत सहा नावं लागली, सहाही उत्तीर्ण. रेघवाल्या सरांनी वार्षिक अहवालात लिहिलं की शाखेचा निकाल शंभर टक्के लागला.